पूर्वतयारी बैठकीचं यजमानपद: वाटाघाटी कोणत्या क्रमानं कराव्यात

मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेआधीची पूर्वतयारी बैठक आपल्या देशात घ्यायचं ठरलं, की बहुतेक सरकारं सुरुवातच चुकीची करतात. मंत्री व्यासपीठावरून शहर आणि तारीख जाहीर करतात आणि वाटाघाटी करणारा चमू त्यानंतर परिषद भरवणाऱ्या संघटनेच्या सचिवालयाच्या दारात जाऊन उभा राहतो. हे सरकार आता मागे फिरू शकत नाही, हे समोरच्याला तोवर कळलेलं असतं. मग खर्चाचा आकडा असो की व्हिसाचं कलम, घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

यजमानपदाच्या वाटाघाटी तीन वेगवेगळ्या लोकांशी होतात. राजकीय संमती इतर देशांकडून मिळवायची असते, करार सचिवालयाशी करायचा असतो आणि पैसा आपल्याच अर्थ मंत्रालयाकडून आणायचा असतो. तिन्ही कामं एकाच वेळी चालतात, पण ती पुरी होण्याचा क्रम बदलून चालत नाही: आधी घरातला पैसा, मग देशांची संमती, मग करारावर सही आणि शेवटी घोषणा. पुढचे टप्पे याच क्रमानं मांडले आहेत.

## टप्पा १: बैठक कोणत्या जातीची आहे, ते आधी ओळखा

'पूर्वतयारी बैठक' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यांचे नियम, भाषा आणि खर्च यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

पहिली जात औपचारिक पूर्वतयारी समितीच्या अधिवेशनाची. इथं सर्व सदस्य देश येतात, कार्यपद्धतीचे नियम लागू असतात आणि मसुद्यावर अधिकृत वाटाघाटी होतात. जोहान्सबर्गच्या २००२ सालच्या शाश्वत विकास परिषदेआधी बालीत झालेलं समितीचं चौथं अधिवेशन, किटोच्या २०१६ सालच्या, शहरं आणि निवास यांवरच्या हॅबिटॅट-३ परिषदेआधी सुराबायातलं तिसरं अधिवेशन, किंवा सेव्हिल इथल्या २०२५ सालच्या विकास-वित्त परिषदेआधी जुलै २०२४ मध्ये अदिस अबाबात भरलेलं पहिलं अधिवेशन ही याची उदाहरणं.

दुसरी जात प्रादेशिक पूर्वतयारी परिषदेची. डर्बनच्या २००१ सालच्या वंशवादविरोधी परिषदेआधी स्ट्रासबर्ग, सांतियागो, डकार आणि तेहरान इथं अशा बैठका झाल्या. तिसरी अनौपचारिक मंत्रिस्तरीय बैठक. हवामान परिषदांआधीच्या 'प्री-कॉप' या प्रकारात मोडतात; २०१९ मध्ये सॅन होजे, २०२१ मध्ये मिलान, २०२२ मध्ये किन्शासा. त्यांत निर्णय होत नाहीत. मोजके मंत्री मोकळेपणानं बोलून अडलेल्या मुद्द्यांवर वाट शोधतात.

चौथी जात दुर्मीळ, पण सगळ्यांत अवघड. कोणतीही संघटना पाठीशी नसताना देश एकत्र येऊन परिषदेचे नियमच ठरवतात. फिनलंडमध्ये दिपोली इथं नोव्हेंबर १९७२ ते जून १९७३ या काळात झालेली बोलणी अशी होती. युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य परिषदेचे विषय, टप्पे, सर्वसहमतीचा नियम आणि खर्चाची वाटणी तिथंच ठरली. अशा बैठकीत कराराचा तयार नमुना नसतो. प्रत्येक ओळ नव्यानं लिहावी लागते.

तपासा: बैठकीला निर्णयाचा अधिकार आहे का? सर्व देशांना निमंत्रण आहे की निवडक? संयुक्त राष्ट्रांच्या सहाही अधिकृत भाषांत दुभाषे लागणार का? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं सचिवालयाकडून आल्याशिवाय खर्चाचा अंदाज मांडायला बसू नका. प्री-कॉपच्या हिशोबानं पैसे मंजूर करून घ्यायचे आणि बैठक औपचारिक अधिवेशन निघायची, ही चूक पुढं दुरुस्त होत नाही.

## टप्पा २: घरातली बांधणी

परराष्ट्र मंत्रालय एकट्याच्या बळावर यजमानपद देऊ शकत नाही. व्हिसा गृह मंत्रालयाकडे, उपकरणांची करमुक्त आयात सीमाशुल्क विभागाकडे, नुकसानभरपाईची हमी विधी आणि अर्थ मंत्रालयाकडे असते. यांपैकी एकानंही ऐन वेळी 'आम्हाला विचारलं नव्हतं' म्हटलं, की करार भिजत पडतो.

बाहेर एक शब्दही बोलण्याआधी घरात पुढच्या गोष्टी हव्यात:

१. अर्थ मंत्रालयाचं लेखी पत्र. त्यात खर्चाची कमाल मर्यादा, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि परकीय चलनात आगाऊ रक्कम भरायला परवानगी आहे का, हे तिन्ही असावं. 'तत्त्वतः मान्यता' या शब्दांवर विसंबू नका.

२. वाटाघाटींचा अधिकारपट. एका पानावर तीन रकाने: काय हवंच, काय चालेल, काय कदापि चालणार नाही. तिसरा रकाना जितका लहान, तितकं बरं. पंधरा गोष्टी 'कदापि नाही' असतील, तर यजमानपद मागूच नये.

३. चौघांचा चमू: प्रमुख, कायदेतज्ज्ञ, हिशोब जाणणारा आणि व्यवस्थेचा माणूस. चौघेही शेवटपर्यंत तेच राहावेत. बदली झालेल्या अधिकाऱ्यानं तोंडी काय कबूल केलं होतं, यावरून वाद होतात आणि त्या वादात यजमानच हरतो, कारण सचिवालयाकडे बैठकांची टिपणं असतात.

४. तारखांची चाळणी. देशातल्या निवडणुका, त्याच विषयावरच्या दुसऱ्या बैठका, सहभागी देशांचे मोठे धार्मिक सण आणि मुख्य परिषदेपर्यंत उरणारा वेळ, सगळं तपासा. तारखांच्या निदान दोन जोड्या हाती ठेवा.

सावध: सभागृह 'राखून ठेवा', पण करार होईपर्यंत परत न मिळणारी अनामत भरू नका. पैसे भरल्याची बातमी फुटतेच आणि घाईत असलेल्या यजमानाला सवलत कोणी देत नाही.

## टप्पा ३: देशांची संमती आणि अधिकारांची वाटणी

इथं सर्वांत जास्त वेळ द्या.

पूर्वतयारी बैठकीचं यजमानपद बहुतेकदा मोठ्या तडजोडीचा भाग असतं. दोन देशांना मुख्य परिषद हवी असते. एकाला ती मिळते, दुसऱ्याला अध्यक्षपद किंवा वाटाघाटींचं नेतृत्व आणि तिसऱ्याला पूर्वतयारी बैठक. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमच्या हवामान परिषदेत हेच घडलं. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रेलिया दोघांनाही पुढची परिषद हवी होती. शेवटी परिषद अंताल्याला, वाटाघाटींचं नेतृत्व ऑस्ट्रेलियाकडे आणि प्री-कॉप प्रशांत महासागरातल्या बेटांवर, अशी वाटणी झाली. त्याआधी २०१९ मध्ये अध्यक्षपद चिलीकडे, प्री-कॉप कोस्टा रिकात आणि प्रत्यक्ष परिषद शेवटी माद्रिदला, अशी त्रिस्थळी यात्रा घडली होती. फिजीनं २०१७ मध्ये अध्यक्षपद सांभाळलं, प्री-कॉप नादी इथं घेतली आणि परिषद बॉनला भरवली.

अशी वाटणी चालते, पण कोणाकडे नेमकं काय, हे शब्दाला शब्द लावून लिहिलेलं असेल तरच. यजमानपद ही एकच गोष्ट नाही. त्यात निदान सहा वेगळे अधिकार गुंफलेले असतात, ते आधी सुटे करा:

- जागा: सभागृह, सुरक्षा, निवास, प्रवास. हा अधिकार यजमानाचाच.
- निमंत्रण: कोणाला आणि कोणाच्या सहीनं. औपचारिक अधिवेशनात निमंत्रणं सचिवालयाकडून जातात. अनौपचारिक बैठकीत यजमान किंवा अध्यक्ष देश (मुख्य परिषदेचं अध्यक्षपद ज्याच्याकडे आहे तो) पाठवतो.
- विषयपत्रिका: तिचा पहिला मसुदा कोण लिहिणार, कोणाला दाखवणार, अंतिम कोण करणार.
- अध्यक्षस्थान: बैठक कोण चालवणार. यजमान देशाचा मंत्री फक्त उद्घाटन करणार की प्रत्येक सत्र चालवणार?
- मसुद्याची लेखणी: बैठकीनंतर निघणारा सारांश कोण लिहिणार आणि कोणाच्या नावानं निघणार.
- बोलण्याचा हक्क: पत्रकारांसमोर 'बैठकीत असं ठरलं' हे कोण सांगणार.

यांतल्या लेखणीवर भांडण हमखास होतं. यजमानाला वाटतं, आपल्या घरी बैठक, तर सारांश आपला. अध्यक्ष देशाला वाटतं, मुख्य परिषदेत या सारांशाचे परिणाम आपल्याला निस्तरावे लागणार, म्हणून तो आपला. सारांशावर 'सह-अध्यक्षांचा' शिक्का असेल, तर दोघांत मतभेद झाल्यास काय करायचं हेही लिहा. सोपा तोडगा म्हणजे मतभेदाचा परिच्छेद वगळायचा, दोन पर्याय छापायचे नाहीत.

प्रत्यक्ष काम या क्रमानं करा:

१. अध्यक्ष देशाशी किंवा परिषदेच्या मुख्य यजमानाशी आधी बोला. त्यांच्या नकळत प्रादेशिक गटात गेलात, तर पुढचे सगळे दरवाजे जड होतात.

२. मग आपल्या प्रादेशिक गटात पाठिंबा मिळवा. संयुक्त राष्ट्रांत असे पाच गट आहेत: आफ्रिका, आशिया-प्रशांत, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन, पश्चिम युरोप आणि इतर. एकाच गटातून दोन इच्छुक असतील, तर भांडण गटाबाहेर जाऊ देऊ नका. माघार घेणाऱ्याला काय मिळणार, हे गटातच ठरवा.

३. त्यानंतर ब्युरोपुढं, म्हणजे परिषदेचं कामकाज पाहणाऱ्या निवडलेल्या पदाधिकाऱ्यांपुढं जा. प्रस्ताव 'मौन पद्धती'नं जात असेल, तर ठरलेल्या मुदतीत कोणी आक्षेप घेतला नाही म्हणजे संमती, असा त्याचा अर्थ. मुदत सुरू होण्याआधी आक्षेप घेऊ शकणाऱ्या प्रत्येक राजधानीत फोन झालेला असावा. शेवटच्या तासाला कोणी मौन मोडलं, तर चूक बहुधा त्याची नसते. त्याला आधी विचारलेलं नसतं.

४. सहमती झाली की अधिकारांच्या वाटणीचं टिपण लगेच देवाणघेवाण करा. दोन पानं पुरतात. 'नंतर तपशील ठरवू' असं जिथं लिहिलं जाईल, तिथं कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे जोडा.

पाठिंबा मिळवताना काय देऊ करावं? छोट्या बेटांच्या आणि अल्पविकसित देशांच्या प्रतिनिधींचा प्रवास आणि निवास खर्च ही मागणी नेहमी येते आणि ती रास्त आहे. त्यासाठी डोकी मोजून रक्कम सांगा. मसुद्यातल्या एखाद्या मुद्द्यावर मात्र आश्वासन देऊ नका. यजमानानं विषयावर बाजू विकली, अशी कुजबुज सुरू झाली की बैठक आपलं काम करू शकत नाही.

तपासा: सहमती झालीच नाही तर काय, हे माहीत आहे ना? हवामान परिषदेच्या नियमांत, देशांनी वेगळं ठरवलं नाही तर अधिवेशन सचिवालयाच्या मुख्यालयात, म्हणजे बॉनला भरतं. अनौपचारिक बैठकीसाठी असा आपोआप लागू होणारा नियम नसतो. तुमच्या बैठकीला तो आहे की नाही, यावर प्रतिस्पर्धी किती ताणू शकतो हे ठरतं.

## टप्पा ४: निमंत्रणाचं पत्र

औपचारिक देकार सहसा स्थायी प्रतिनिधीमार्फत (संघटनेकडे नेमलेल्या आपल्या राजदूतामार्फत) राजनैतिक टिपणाच्या रूपात जातो. तो एका पानाहून मोठा नको. शहर, तारखांची जोडी, बैठकीचा प्रकार, संपर्क अधिकारी आणि खर्चाबद्दल एक वाक्य, एवढंच.

त्या एका वाक्यावर सगळा डोलारा उभा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९८५ सालचा ठराव ४०/२४३ सांगतो की मुख्यालयाबाहेर अधिवेशन भरवायचं, तर निमंत्रण देणाऱ्या सरकारनं त्यामुळं होणारा प्रत्यक्ष अतिरिक्त खर्च उचलण्याची तयारी दाखवलेली हवी आणि त्या खर्चाचं स्वरूप आणि संभाव्य व्याप्ती यावर महासचिवांशी आधी सल्लामसलत झालेली हवी. म्हणून पत्रात 'सर्व खर्च आम्ही करू' असं उदारपणे लिहू नका. 'ठराव ४०/२४३ नुसार, सल्लामसलतीनंतर निश्चित होणारा प्रत्यक्ष अतिरिक्त खर्च' हेच शब्द वापरा. 'सर्व' आणि 'अतिरिक्त' यांतला फरक टप्पा ६ मध्ये पैशात दिसेल.

## टप्पा ५: तांत्रिक पाहणी

सचिवालयाचा चमू जागा पाहायला येतो, तेव्हा सजावट दाखवण्यात वेळ घालवू नका. त्यांना मोजमाप हवं असतं.

दुभाषे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा म्हणजे दुभाष्यांच्या सहा केबिन. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियनसाठी प्रत्येकी २, अरबी आणि चिनीसाठी प्रत्येकी ३, कारण या दोन केबिन दोन्ही दिशांनी, म्हणजे त्या भाषेत आणि त्या भाषेतून, काम करतात. एकूण १४ माणसं, तीही एका तीन तासांच्या बैठकीसाठी. समांतर दोन सभागृहं चालणार असतील तर २८. शिवाय एका दुभाष्याला आठवड्यात साधारण सातच बैठका देता येतात. सकाळ, दुपार आणि रात्र अशी सत्रं आखली तर दुसरी तुकडी लागते. रात्रीच्या सत्राचा खर्च यजमान हमखास विसरतो, आणि वाटाघाटी तर रात्रीच लांबतात. केबिनमधून व्यासपीठ आणि पडदा थेट दिसला पाहिजे. खांबामागे बसवलेली केबिन पाहणीतच नाकारली जाते.

खोल्या. मुख्य सभागृह सगळेच दाखवतात. कमी पडतात त्या छोट्या खोल्या: प्रादेशिक गट आणि वाटाघाटी गटांच्या, १० ते १५ माणसांच्या द्विपक्षीय भेटींच्या, अध्यक्षांच्या गुप्त बोलण्यांच्या. खरी बोलणी तिथंच होतात. अध्यक्षांच्या खोलीला सभागृहाकडे जाणारा, पत्रकारांना चुकवणारा वेगळा रस्ता हवा.

क्षमता. कोपनहेगनच्या २००९ सालच्या हवामान परिषदेत बेला सेंटरमध्ये सुमारे १५,००० माणसं मावत होती आणि नोंदणी त्याच्या दुपटीहून कितीतरी पुढं गेली. लोक थंडीत तासन् तास रांगेत अडकले. पूर्वतयारी बैठक लहान असते, पण चूक त्याच जातीची होते. जागेची मर्यादा आधी ठरवून प्रत्येक शिष्टमंडळाला ओळखपत्रांचा कोटा कळवा. तो नोंदणी उघडण्यापूर्वी जाहीर करा. नंतर केलात, तर तो कोणाला तरी वगळण्यासाठी आहे असं वाटतं.

निवास. एकूण खाटा पुरेशा असणं एक आणि परवडणाऱ्या खाटा असणं दुसरं. बेलेममध्ये २०२५ साली खोल्यांचे भाव इतके चढले की यजमानाला प्रवासी जहाजं आणून उभी करावी लागली आणि गरीब देशांच्या सहभागाचाच प्रश्न उभा राहिला. हॉटेलांशी दराची कमाल मर्यादा लेखी ठरवा आणि निदान तिसरा हिस्सा खोल्या आंतरराष्ट्रीय दैनिक भत्त्यात बसतील अशा ठेवा.

तपासा: जागा उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, त्याआधी कित्येक दिवस आणि समाप्तीनंतर साफसफाईपर्यंत चोवीस तास ताब्यात हवी. सभागृहाच्या भाडेकरारातल्या तारखा आणि यजमान करारातल्या तारखा शेजारी ठेवून जुळवा.

## टप्पा ६: पैशाचं गणित

'अतिरिक्त' खर्च म्हणजे बैठक मुख्यालयात घेतली असती तर जो झाला असता, त्याच्या वरचा खर्च. म्हणून सचिवालयाच्या अंदाजपत्रकात तुलनेचा रकाना मागा: मुख्यालयात किती, तुमच्याकडे किती, फरक किती. हा रकाना नसेल, तर तुम्ही पूर्ण खर्च भरत आहात की फरक, हे कळायला मार्ग नाही.

एक ढोबळ उदाहरण घ्या. समजा ४० कर्मचारी ९ दिवसांसाठी येणार आहेत, दैनिक भत्ता २५० डॉलर आणि विमान प्रवास सरासरी १,५०० डॉलर. भत्ते ९०,००० आणि प्रवास ६०,००० मिळून दीड लाख डॉलर. त्यावर १३ टक्के कार्यक्रम-साहाय्य शुल्क (संघटनेच्या प्रशासकीय खर्चापोटीचं) लागलं तर आणखी १९,५०० डॉलर. हे शुल्क अनेक यजमानांच्या अंदाजात नसतंच आणि मसुदा हाती आल्यावर अर्थ मंत्रालय बिथरतं. पहिल्याच भेटीत विचारा: शुल्क लागणार का, किती टक्के आणि कोणत्या रकमेवर? दुभाषे, कागदपत्रं, मालवाहतूक, भाड्याची उपकरणं आणि सुरक्षा अधिकाऱ्यांचा प्रवास यांचे आकडे यात अजून धरलेलेच नाहीत.

रक्कम आगाऊ, सहसा डॉलरमध्ये आणि हप्त्यांत भरायची असते. प्रत्येक हप्ता कशाला जोडला आहे, ते पाहा. सही, तिकीट-आरक्षण आणि उद्घाटन, अशा तीन टप्प्यांना जोडलेले हप्ते सोयीचे. शेवटी हिशोब होतो. उरलं तर परत, कमी पडलं तर यजमानानं भरायचं. वाढीव रकमेला मर्यादा घालणारं वाक्य मागून पाहा: 'ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च यजमानाच्या पूर्वलेखी संमतीशिवाय नाही.' ते मिळालं नाही, तरी निदान 'आगाऊ सूचना' हे शब्द तरी मिळवा.

सावध: वस्तुरूपात दिलेली मदत (सभागृह, बस, जेवण, स्थानिक कर्मचारी) आणि रोख रक्कम हे दोन वेगळे तक्ते ठेवा. एकाच ओळीत घातले, की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

## टप्पा ७: करार, कलमागून कलम

संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांसाठी नमुना तयार आहे. १९८७ सालची प्रशासकीय सूचना एसटी/एआय/३४२ यजमान करार कसे बांधायचे ते सांगते. लहान बैठकीसाठी पत्रांच्या देवाणघेवाणीवरही भागतं, पण कलमं तीच राहतात. नमुन्यातली भाषा बदलण्यावर शक्ती घालवू नका. जिथं तुमचा देशी कायदा खरोखर आडवा येतो, तेवढ्याच जागा उचला. त्या बहुधा पुढच्या चार असतात.

व्हिसा. नमुना कलमानुसार व्हिसा मोफत द्यायचा. उद्घाटनाच्या चार आठवडे आधी अर्ज आला, तर दोन आठवडे आधीपर्यंत; उशिरा आला, तर अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत. ज्यांना आधी मिळवणं शक्य झालं नाही, त्यांना विमानतळावर. गृह मंत्रालय 'सुरक्षा तपासणीच्या अधीन' हे शब्द घुसवू पाहतं आणि सचिवालय ते मान्य करत नाही. याचं कारण १९८८ मध्ये दिसलं: अमेरिकेनं पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना न्यूयॉर्कला आमसभेपुढं बोलायला येण्यासाठी व्हिसा नाकारला आणि आमसभेनं पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरची चर्चा डिसेंबरमध्ये जिनिव्हाला नेली. तेहरानच्या २००१ सालच्या प्रादेशिक बैठकीतही काही संघटनांच्या प्रवेशावरून वाद झाला आणि त्याचं सावट पुढं डर्बनपर्यंत राहिलं. ज्या देशाला किंवा संस्थेला तुम्ही मान्यता देत नाही, तिचे प्रतिनिधी येणार असतील, तर व्हिसा पासपोर्टवर की वेगळ्या कागदावर, हे आधीच ठरवा. व्हिसा देणं म्हणजे मान्यता देणं नव्हे, असं पत्र हवं तर सोबत जोडा.

विशेषाधिकार आणि संरक्षण. आधार १३ फेब्रुवारी १९४६ च्या संयुक्त राष्ट्र विशेषाधिकार करारनाम्याचा. तुमचा देश त्यात सामील आहे का आणि असल्यास कोणती हरकत नोंदवून, ते पाहा. देशांचे प्रतिनिधी, संघटनेचे अधिकारी, तज्ज्ञ आणि निरीक्षक यांना वेगवेगळं संरक्षण मिळतं. बैठकीतल्या सहभागाच्या संदर्भात बोललेले-लिहिलेले शब्द आणि केलेल्या कृती यांबद्दल खटला होणार नाही, एवढं सर्व सहभागींना मिळालंच पाहिजे. स्थानिक कार्यकर्ते आणि पत्रकार यांचं काय, हा प्रश्न इथंच येतो आणि तो टाळला तर बैठकीच्या पहिल्या दिवशी दारात येतो.

जागेचा ताबा. बैठकीच्या काळात सभागृह संघटनेच्या अधिकाराखाली असतं आणि तुमचे पोलीस परवानगीशिवाय आत जात नाहीत. बाहेरची सुरक्षा तुमची, आतली त्यांची. दोघांमधली सीमारेषा नकाशावर काढा, शब्दांत नको. दार, वाहनतळ, आवार यांपैकी काय आत आणि काय बाहेर, यावरून झालेली झटापट छायाचित्रांत येते.

जबाबदारी. जागेत कोणाला इजा झाली, यजमानाच्या गाडीला अपघात झाला, स्थानिक कर्मचाऱ्यानं दावा केला, तर तो यजमानानं निस्तरायचा आणि संघटनेला तोशीस लागू द्यायची नाही. इथं विधी मंत्रालय अडतं, कारण अमर्याद हमी द्यायला अनेक देशांचे कायदे मनाई करतात. कलम काढून टाका म्हणण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी मागा: संघटनेच्या माणसांचा घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर कृत्य वगळणं, आणि आपल्या बाजूनं विमा उतरवून जोखीम झाकणं.

वाद सोडवण्याचं कलम एका वाक्यात मान्य करा. सरकार आणि महासचिव यांचा प्रत्येकी एक लवाद, तिसरा त्या दोघांनी निवडलेला. तीन महिन्यांत नेमणूक झाली नाही, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अध्यक्षांकडून. यावर आठवडे घालवणारे चमू दिसतात. त्यातून हाती काही येत नाही.

तपासा: व्हिसा आणि जबाबदारी ही दोन कलमं सर्वांत आधी चर्चेला घ्या. त्यांना घरातल्या दुसऱ्या मंत्रालयांची संमती लागते. सोपी कलमं आधी मिटवून ही शेवटी ठेवली, की सही तिथंच रखडते.

## टप्पा ८: रद्द झाली तर

हे कलम अपशकुनी वाटतं म्हणून टाळलं जातं. चिलीनं देशांतर्गत आंदोलनांमुळं ३० ऑक्टोबर २०१९ रोजी हवामान परिषदेच्या यजमानपदातून माघार घेतली, तेव्हा उद्घाटनाला जेमतेम पाच आठवडे उरले होते. करारात तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: कोणाच्या निर्णयानं बैठक हलते, तोवर झालेला खर्च कोणाचा, आणि बैठक ऑनलाइन किंवा दुसऱ्या शहरात गेली तर आगाऊ भरलेल्या रकमेचं काय. टप्पा ३ मधली अधिकारांची वाटणी त्या स्थितीतही टिकेल का, तेही लिहा. जागा हलली म्हणून लेखणीही हलते, असं कोणी गृहीत धरू नये.

## टप्पा ९: सही, मग घोषणा

सही कोण करणार, ते तपासा. राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना वेगळं पूर्णाधिकारपत्र, म्हणजे सहीचा अधिकार देणारं पत्र, लागत नाही. राजदूतानं यजमान करारावर सही करायची, तर ते मागितलं जाऊ शकतं. करार सहीनंच लागू होतो की संसदेची मंजुरी लागते? लागत असेल, तर 'सहीपासून तात्पुरता लागू' असं कलम घाला, नाहीतर व्हिसाची बांधिलकी बैठक संपल्यावर सुरू होईल.

तारखा उलट्या मोजा. कागदपत्रं सर्व भाषांत बैठकीच्या सहा आठवडे आधी निघायला हवीत, त्यासाठी ती दहा आठवडे आधी सचिवालयाकडे जावी लागतात. व्हिसाचे अर्ज चार आठवडे आधी. म्हणून सही निदान तीन महिने आधी व्हायला हवी. सहा महिने असतील तर कोणाची दमछाक होत नाही.

देशांनी यजमानपदाला मान्यता दिल्याचा निर्णय सहीच्या आधी जाहीर होऊ शकतो, ते थांबवता येत नाही. तिथं तुमच्या निवेदनात 'यजमान करार पूर्ण होण्याच्या अधीन' हे शब्द राहू द्या. शहर, तारीख आणि मंत्र्यांचं नाव असलेली तुमची स्वतःची घोषणा मात्र सहीनंतर, सचिवालय आणि अध्यक्ष देश यांना मजकूर दाखवून करा. त्याच दिवशी सहभागींसाठी माहितीपत्र निघावं: व्हिसाची पद्धत, हॉटेलांचे दर, ओळखपत्रांचा कोटा, विमानतळावरचा मदत कक्ष.

बैठक संपली तरी फाइल बंद करू नका. अंतिम हिशोब काही महिन्यांनी येतो आणि तोवर मूळ चमू पांगलेला असतो. हिशोब जाणणाऱ्या माणसाला पावत्या, वस्तुरूप मदतीचा तक्ता आणि विनिमय दराच्या नोंदींसह त्याच जागी ठेवा. करमुक्त आणलेली उपकरणं परत गेल्याची सीमाशुल्काची नोंदही त्याच फाइलमध्ये लावा. ती नसेल, तर वर्षभरानं करवसुलीची नोटीस तुमच्याच मंत्रालयाला येते.